केरूनानांचे पितळी भिंग

केरूनाना माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसत, कानांकडे बघत. तुम्ही त्यांच्या स्टुडिओच्या पायरीवर पाय ठेवलात की ते मान तिरकी करून आधी तुमचा डावा कान पाहायचे, मग उजवा, आणि मग खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढून एका चिठ्ठीवर काहीतरी खरडायचे. नाव, गाव, काय काम काढले, हे सगळे त्यानंतर. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तावातावाने बोलत होतो. माझे वाक्य मध्येच तोडून ते म्हणाले, "उजवा जरा फुडं हाय तुमचा. मास्तरनं लई पिळला आसंल."

खरेच पिळला होता. पण मी कान दाखवायला गेलो नव्हतो, बहिष्काराचे पत्रक घेऊन गेलो होतो.

पिंपरीच्या माळावर तेव्हा कारखाने उभे राहत होते. त्यातल्याच एकात मी गोदामाच्या कचेरीत कारकून होतो आणि उरलेल्या वेळात युनियनची पत्रके लिहीत होतो. आमच्या घरी पुस्तके नव्हती, पत्रके होती. वडील ती वाटत असत आणि मी त्यांच्याच पाठकोऱ्या बाजूवर अक्षरे गिरवली. त्यामुळे उद्गारचिन्ह नसलेले वाक्य मला अपुरे वाटे. कारखान्याने नियम काढला की यापुढे प्रत्येक कामगाराच्या गेटपासवर त्याचा फोटो पाहिजे. माझे रक्त उसळले. कामगार म्हणजे काय गुन्हेगार? मी लिहिले, "आमचे श्रम विकत घेतलेत, आमचे चेहरे नाही!" खाली नानांच्या स्टुडिओचा पत्ता छापला, बहिष्कार कुठे घालायचा ते लोकांना कळावे म्हणून.

नानांनी पत्रक हात लांब करून सावकाश वाचले.

"लिवलंय झ्याक," ते म्हणाले. "पन वाचनारा कोन?"

"कामगार!"

"त्यातल्या निम्म्यांना अक्षर येत न्हाई."

"ज्यांना येते ते वाचून दाखवतील!"

"मंग त्या दाखवनाऱ्याची तरी दया करा. हा 'मानवी प्रतिष्ठेचा अवमान' म्हंता म्हंता त्याला ठसका लागंल."

मी रागावून निघून आलो. पुढे घडले ते असे की लोक माझे पत्रक हातात घेऊन, त्यावरचा पत्ता विचारत विचारत नानांच्या दारी रांगेत उभे राहिले. तोवर पिंपरीजवळच्या कासारवाडीत फोटो कुठे काढतात हे फारसे कुणाला ठाऊकच नव्हते. नानांनी मला निरोप धाडला, "पत्रकरावांना म्हनावं, चहाला या. तुमच्यामुळं धंदा चालला." त्या दिवसापासून मी पत्रकराव झालो आणि त्यांच्या घरचाही झालो.

स्टुडिओ मुंबई-पुणे रस्त्याला लागून होता. मागे रेल्वेचे रूळ. उत्तरेकडच्या छपराला काचा बसवलेल्या, त्यातून सारखा, मऊ उजेड यायचा. नाना चाकणकडच्या एका खेड्यातल्या सुताराच्या घरातले. तरुणपणी पुण्यात एका फोटोवाल्याकडे लाकडी चौथरा करायला म्हणून गेले आणि ही विद्या घेऊन परत आले. "चौथरा दोन दिसांत झाला आसता," ते सांगत, "म्या पंधरा दिस लावलं. फुकट शिकायचं म्हंजे काम सावकाश करावं लागतं." मालकाच्या वेळेबद्दलचा हा दृष्टिकोन मला युनियनच्या दृष्टीने फार पसंत पडला होता.

कॅमेऱ्याची सागवानी पेटी त्यांनी स्वतः केली होती. तिचा चामडी भाता जोडे शिवणाऱ्या एका दोस्ताकडून शिवून घेतला होता. फक्त भिंग विकत आणलेले, पुण्याच्या जुन्या बाजारातून. तांब्याएवढी जाड पितळी नळी आणि तिच्या दोन्ही तोंडांना काचा. नानी, म्हणजे त्यांच्या पत्नी, ती नळी दर सणाला देवाच्या भांड्यांबरोबर चिंचेने घासायच्या. नळीच्या पाठीवर एक आडवी भेग होती. ती नानांनी भिंग घरी आणले त्याच दिवशी सरस आणि भुसा भरून बुजवली होती आणि वरून चामड्याची पट्टी चिकटवली होती. "सुताराच्या पोराला भेग दिसली की हात शिवशिवतो," ते म्हणत.

त्या भिंगाचा एक स्वभाव होता. माणसाचे डोळे ते असे धरायचे की बुबुळात छपराच्या काचा मोजून घ्याव्यात. पण डोळ्यांपासून मागे जाल तसतसे सगळे विरत जायचे. कानांपाशी तर नुसते धुके. म्हणून नाना कान आधी बघून चिठ्ठीवर काढून ठेवत, आणि फोटोची काच धुऊन वाळली की बारीक पेन्सिलीने तिच्यावर कानाची कड ओढून देत. छापल्यावर कान पुन्हा उगवायचे.

फोटो काढण्याची त्यांची रीतही वेगळी होती. या भिंगाला खटका नव्हता. टोपण काढायचे, थोडा वेळ थांबायचे, टोपण लावायचे. बाकीचे फोटोवाले आकडे मोजत. नाना माणसाला म्हणत, "डोळं उघडं ठिवा आन् मनातल्या मनात गावच्या वेशीतनं घराकडं निगा. वाटंत कुनी हाक मारली तरी थांबायचं न्हाई. दाराशी पोचलात की झालं." मग टोपण काढून ते त्याच्या डोळ्यांकडे बघत उभे राहत, आणि बरोबर त्या क्षणी टोपण लावत. मी विचारले, तो पोहोचला हे तुम्हाला कसे कळते? म्हणाले, "घर आलं की मानसाच्या डोळ्यात दिवा लागतो. तुमी कवा बघितला न्हाई, कारन तुमी बोलत आसता."

त्या भागात तेव्हा आम्ही सगळेच कुठून कुठून आलेले होतो. सातारा, नगर, कोकण, मराठवाडा. प्रत्येकाची वेस निराळी होती. पण त्या खुर्चीत बसलेला प्रत्येक जण घरीच निघालेला असायचा.

रांग वाढली तशी गडबड झाली. त्या लोकांचा हा जन्मातला पहिला फोटो. पासाच्या निमित्ताने का होईना, फोटो निघतो आहे म्हटल्यावर ते धुतलेले धोतर, नवी टोपी, उसना कोट असे सजून येत, आणि प्रत्येक जण दोन प्रती मागे. एक गेटावर द्यायला, एक गावी धाडायला. नानांच्या कानांच्या चिठ्ठ्या एकमेकींत मिसळल्या. त्यांनी कुणाला सांगितले नाही. पेन्सिल चालतच राहिली.

मग एके दिवशी सकाळी कारखान्याच्या गेटाचे प्रमुख स्वतः स्टुडिओत आले. पलटणीतून निवृत्त झालेले म्हणून सगळे त्यांना सुभेदारच म्हणत. त्यांनी बाकावर पासांची चळत ठेवली आणि पत्ते मांडावेत तसे फोटो मांडले.

"बघा," ते म्हणाले. "एकोणचाळीस माणसं. नावं वेगळी, गावं वेगळी, नाकं वेगळी. आणि कान? सगळ्यांना एकाच आईनं दिलेत!"

नाना वाकून बघू लागले.

"पलटणीत आम्हाला शिकवलंय," सुभेदार म्हणाले, "दाढी वाढते, टक्कल पडतं, कान बदलत नाहीत. माणूस ओळखायचा तो कानावरून."

नानांचा चेहरा उजळला. "सायेब, म्या आयुष्यभर हेच सांगतोय! तुमी आन् मी एका मताचं."

"मग हे कान कुणाचे आहेत?"

 ओल्या हातांनी नानी आतून आल्या. त्यांनी एक फोटो उचलला, नवऱ्याकडे पाहिले, दुसरा उचलला, पुन्हा नवऱ्याकडे पाहिले. "अगं बया!" त्या म्हणाल्या. "हे तर ह्यांचंच कान!"

झाले असे होते की काचेवर पेन्सिल चालवायच्या उतरत्या मेजाखाली एक आरसा असतो, उजेड वर फेकायला. चिठ्ठी सापडली नाही की नाना जरा मान वाकवून आरशात बघत, आणि समोर जे कान दिसत ते काढत.

"एकोनचाळीस जनांना कान वाटलं," नानी म्हणाल्या, "त्यापरीस येकाला तरी अक्कल वाटायची."

सुभेदार हसले, पण जाताना अट घालून गेले. महिन्याच्या आत या सगळ्यांचे फोटो पुन्हा, आणि कान ज्याचे त्याचे. पेन्सिलीचे नाहीत, खरे. जमले तर पुढच्या सगळ्या पासांचे काम तुमचे. नाहीतर पुण्याच्या एका मोठ्या स्टुडिओशी बोलणे झालेले आहे.

 पास गेले तर स्टुडिओ जाणार हे उघड होते. लग्नसराईच्या चार फोटोंवर ते छप्पर टिकले नसते. मग पुन्हा खुराड्याएवढ्या पडवीत सुतारकाम, चौकटी आणि बाजा. "रंध्याची लाज न्हाई मला," नाना म्हणाले. "पन रंध्यानं लाकूड सरळ हुतं. मानूस दिसत न्हाई."

मी म्हणालो, नवे भिंग घ्या! मी तेव्हा इतक्या जोरात म्हणालो की नानी पुन्हा बाहेर आल्या. मी सांगितले की हे पितळी भिंग सरंजामशाहीचे आहे. सरदार-दरकदारांना गोंडस दाखवण्यासाठी ते केलेले. डोळे तेवढे दाखवायचे आणि बाकीचे धुक्यात ढकलायचे! सत्य असे अर्धवट नसते. कामगाराचा कान, त्यावरची जखम, गालावरचा वण, जे आहे ते सगळे स्वच्छ दिसले पाहिजे.

"संपलं?" नानांनी विचारले.

"संपलं."

"च्या घ्या. घसा सुकला आसंल."

पण माझे म्हणणे त्यांना पटले असावे, किंवा दुसरा मार्ग नव्हता. पुण्यात कॅम्पातल्या एका दुकानात जर्मन भिंग होते, खटक्यासकट. दुकानदाराने ते आठ दिवस वापरून बघायला दिले. ठेवून घेतलेत तर जुने पितळी भिंग दुकानाला द्यायचे, असा बदला ठरला. कुणी हौशी गिऱ्हाईक तसले जुने भिंग शोधत होते म्हणे. नानी चिंचेने घासलेली नळी फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवताना म्हणाल्या, "आठ दिस वापरायचं न्हाई, तर डोळ्याम्होरं दिसू तरी नगं."

जर्मन भिंग काळ्या डबीएवढे होते. नानांनी त्यासाठी नवी फळी कातून पेटीला बसवली. बोट दाबले की 'टच्' असा आवाज व्हायचा आणि संपले. पहिल्याच फोटोत कान असा आला की त्यावरचा केस न् केस दिसावा. सुभेदार खूश. मी तर मनात पत्रकच लिहून काढले.

तिसऱ्या दिवशी म्हादू आला. आमच्या गोदामात पोती उचलणारा, चाकणजवळच्या खेड्यातला पोरगा. लहानपणी देवी येऊन गेलेल्या, चेहऱ्यावर वण. त्या एकोणचाळीस जणांतलाच. तो नव्या टोपीत खुर्चीवर बसला. नाना सवयीने म्हणाले, "वेशीतनं निगा." म्हादूने डोळे स्थिर केले. टच्.

"उठा."

"झालं?"

"झालं."

"आवं नाना," म्हादू म्हणाला, "म्या अजून वेशीतच हाय!"

आम्ही हसलो. फोटो उत्तम आला. कान दोन्ही, वण सगळे. एक प्रत गेटावर गेली, एक म्हादूने गावी धाडली.

सातव्या दिवशी दुपारी एक म्हातारी दारात आली. पायांवर धूळ, पदराच्या टोकात काहीतरी बांधलेले. तिने गाठ सोडून फोटो काढला आणि नानांसमोर धरला.

"ह्यो तुमी काढला?"

"व्हय, आजी."

"ह्यो कोन हाय?"

"तुमचा म्हादू न्हवं का?"

"कान म्हादूचं हायती," म्हातारी म्हणाली. "म्हादू न्हाई."

मला वाटले वणांमुळे म्हणत असेल. मी पुढे होऊन समजावू लागलो की आई, आहे ते दिसण्यात लाज कसली, उलट—

"बाळा, तू वाईच गप," ती म्हणाली. "देवी त्याला आल्या तवा म्याच उशाशी बसले हुते. त्याचा येकेक वन माझ्या वळखीचा हाय. त्ये न्हाई म्हनत मी. ह्यो भ्यालाय. पकडून आनल्यावानी दिसतोय. खरं सांगा, कंपनीत पोरांना मारत्यात का?"

ती चाकणहून त्यासाठी आली होती. वाटेत कुणाच्या तरी बैलगाडीतून, मग मोटारीतून, मग पायी. नानांनी तिला बसवले, नानींनी भाकरी वाढली, मी धावत जाऊन म्हादूला गोदामातून घेऊन आलो. त्याला धडधाकट बघितल्यावर तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मगच ती जेवली. फोटो मात्र तिने परत नेला नाही. बाकावर पालथा ठेवून गेली.

नानांनी तो उलटा करून हातात घेतला. "गेटावरच्यानं पास केला, आयनं नापास केला," ते म्हणाले.

"पण फोटो खरा आहे, नाना," मी म्हणालो. माझा आवाज नेहमीपेक्षा लहान होता.

"खरा हाय की. भिंग खोटं बोललं न्हाई. त्या टच्‌ला म्हादू भ्याला, तेवढं भिंगानं सांगितलं. पन म्हादू काय तेवढाच हाय? आन् बघनारा कोन, ह्ये म्या इचारलंच न्हाई. बघनारी दोन हायती, पत्रकराव. येक गेटावर, येक घरी. आन् फोटो येकच."



आठव्या दिवशी आम्ही दोघे पुण्याला गेलो. नानांच्या मांडीवर दोन्ही भिंगे, एक डबीत, एक फडक्यात. जाताना त्यांनी ठरवून टाकले होते, जर्मन ठेवायचे, पितळी द्यायचे. पोट गेटावर अवलंबून आहे. म्हातारीसाठी काही करता येणार नाही. हे त्यांनी मला तीनदा सांगितले, आणि मला कळेना की मी एवढा जिंकलेलो असताना मला वाईट का वाटते आहे.

दुकानात एक वयस्क दुरुस्तीवाले बसत. बदल्यात घ्यायचे म्हणून त्यांनी पितळी नळी उजेडाकडे धरली, फुंकर मारली, फिरवली. मग पाठीवरची चामड्याची पट्टी नखाने खरवडली.

"हे काय भरलंय यात?"

"सरस आन् भुसा," नाना अभिमानाने म्हणाले. "भेग हुती. कुनीतरी छिन्नी मारलेली. बुजवून टाकली."

दुरुस्तीवाल्यांनी चष्मा काढला. "भेग?" ते म्हणाले. "अहो मिस्त्री, ते दार आहे दार! याच्या पट्ट्या कुठं आहेत?"

"कसल्या पट्ट्या?"

मग त्यांनी समजावले. अशा जुन्या भिंगांना मुद्दाम चीर ठेवलेली असते. तिच्यातून मधोमध भोक असलेली पातळ पत्र्याची पट्टी आत सरकवायची. भोक बारीक असले की नाकापासून कानापर्यंत सगळे एकसारखे स्वच्छ येते. पट्टी काढली की पुन्हा डोळे स्वच्छ आणि मागचे मऊ. पट्ट्या हरवल्या असतील, म्हणून तर ते जुन्या बाजारात आले.

 नानांनी नळी हातात घेतली आणि त्या चिरेवरून बोट फिरवले.

"बारा वर्सं," ते म्हणाले. "बारा वर्सं म्या दार बुजवून ठिवलं, आन् भाईर बसून पेन्सिलीनं कान काढतोय!" आणि हसू लागले. असे हसले की रस्त्यावरचा एक टांगेवाला दारात येऊन उभा राहिला.

दुकानदार म्हणाला, तरी नवे ते नवेच. पट्टी घातली की उजेड कमी पडणार, टोपण तिप्पट-चौपट वेळ उघडे ठेवावे लागणार.

"तिप्पट-चौपट?" नानांनी विचारले. "म्हंजे मानसाला वेशीऐवजी पार शिवेपासनं चालत यावं लागंल?"

दुकानदाराला काही कळले नाही. नानांनी काळी डबी त्याच्यासमोर ठेवली, नमस्कार केला आणि फडके बगलेत मारून बाहेर पडले.

मी रस्ताभर भांडलो. आधी पट्टी करून बघायची होती! नाही जमले तर? महिना संपत आला आहे! नाना म्हणाले, "सुतार हाय मी. दार हाय म्हनल्यावर उघडतंय."

घरी आल्या आल्या त्यांनी पातळ पटाशीने तो बारा वर्षांचा भुसा कोरून काढला. चहाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापला. पहिल्या पट्टीचे भोक वाकडे झाले, दुसरी बरोबर बसली. खुर्चीत नानींना बसवले.

"कान बघायचंत?" नानी म्हणाल्या. "लगीन होऊन येवढी वर्सं झाली, आजवर कुनी बघितलं न्हाईत."

"हलू नगंस. शिवेपासनं निग."

"थांबा, मालगाडी येतीया."

गाडी गेली, छपराच्या काचा थरथरायच्या थांबल्या, आणि नानांनी टोपण काढले. नानी चालत होत्या. ओढा, चिंचेचे बन, वेस, देऊळ. मला ते सगळे त्यांच्या डोळ्यांत दिसत होते असे मी म्हणणार नाही. पण त्या कुठेतरी चालत होत्या, हे मी पहिल्यांदा बघितले, कारण मी पहिल्यांदा गप्प होतो. टोपण लागले.

फोटो छापून पाण्यात पोहत वर आला तेव्हा नानींच्या कानांतल्या कुड्यांचा मोती न् मोती दिसत होता. त्यांच्या माहेरच्या त्या कुड्या आजवर एकाही फोटोत आल्या नव्हत्या. त्यांनी तो ओला कागद दोन्ही हातांनी धरला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "जमलं की वो." एवढेच म्हणाल्या.

पुढचे काम सुताराचे होते. पेटीच्या मागे नानांनी एक सरकती चौकट बसवली, म्हणजे एकाच काचेच्या दोन अर्ध्यांवर दोन फोटो. एक फोटो पट्टी घालून, गेटासाठी. माणूस शिवेपासून निघायचा. दुसरा पट्टी काढून, घरासाठी, माणूस वेशीतून. एकोणचाळीस जण पुन्हा येऊन बसले. सुभेदारांनी जाड भिंगाखाली एकेक पास तपासला, आणि शेवटी मान वर करून म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर कान. सगळे वेगळे." पासांचे काम कायमचे नानांकडे आले. म्हादूचा घरचा फोटो त्याच्या आईने या वेळी परत आणला नाही. ती तो घेऊन शेजारच्या दोन गावांत फिरली आणि त्याचे लग्न ठरवून मोकळी झाली.

मी मात्र फोटो काढून घेतला नव्हता. तत्त्व म्हणजे तत्त्व. सुभेदार मला रोज सकाळी हाताने चिठ्ठी लिहून आत सोडत आणि म्हणत, "तुमच्या तत्त्वापायी माझी शाई संपते."

माझी पत्रके मात्र बदलली. लिहून झाले की मी ते नानांकडे नेत असे, आणि ते न वाचताच विचारत, "वाचनारा कोन?" मी उत्तर देई, गोदामातला हमाल, किंवा कँटीनमधला आचारी. मग ते म्हणत, "वाचा त्येला." वाचता वाचता माझेच मला कळे की कुठे ठसका लागणार आहे. उद्गारचिन्हे मी सोडली नाहीत; पण आता एका पानावर एक पुरते.

पुढे काही वर्षांनी मी नोकरी सोडली. युनियनच्या पूर्ण वेळ कामासाठी खानदेशात जायचे ठरले. निरोप घ्यायला गेलो तर नाना माझ्या कानांकडे बघत म्हणाले, "बसा खुर्चीत."

"नाना, मला आता पास नको."

"त्येच म्हंतो मी. मंग बघनारा कोन?"

मी विचार केला. गेट उरले नव्हते. मला वाटले होते माझे उत्तर मोठे असेल. पण खरे उत्तर एकच होते. "आई," मी म्हणालो.

नानांनी पत्र्याची पट्टी उपसून काढली आणि खिशात टाकली. "वेशीतनं निगा. कुनाशी बोलायचं न्हाई, काय?"

टोपण निघाले. मी निघालो. नगरकडचे आमचे गाव, वेशीजवळचा पार, पाटलाच्या गोठ्याची भिंत, जिच्यावर वडील पत्रके चिकटवत, मग बोळ, मग आमचा उंबरा. टोपण लागले. नाना हसत होते.

"तोंड हललं तुमचं, पत्रकराव."

"पुन्हा काढू या."

"नगं. बघनारीला चालंल."

फोटो घेऊन मी घरी गेलो. डोळे अगदी स्वच्छ आले होते. कान धुक्यात विरले होते, पिळलेला उजवाही. आणि ओठांच्या जागी नुसती हललेली, पुसट रेघ. आईने तो उजेडाकडे नेला आणि त्या पुसट जागेवर अंगठा ठेवला.

"इथं काय म्हणत होतास रे?"

 ती फोटोकडे आणखी थोडा वेळ बघत राहिली. मग तो पदराने पुसून फळीवर उभा केला, आणि चुलीकडे जाता जाता मला नव्हे, त्यालाच म्हणाली, "आलास ना? मग हातपाय धू आधी."